भट्टी आपली आपन थंडी होऊ द्या

त्या दिवशी मले दोन फोन आले. सकाळची वेळ होती, मी आंगनात लाखोळीच्या शेंगा सोलत बसली होती. पहिला फोन माझ्या पोराचा, विलासचा, नागपूरच्या दवाखान्यातून. "माय…" एवढंच मनला, अन् मंग नुसता त्याचा श्वास आयकू येत राहिला. मी समजली. माझी पोरगी सुजाता गेली होती. शेंगा सुपात तशाच राहिल्या. सून संध्या आतून धावत आली, शेजारच्या बाया आल्या, कोनीतरी चुलीतलं जळतं लाकूड ओढून त्यावर पानी टाकलं. मरन झालेल्या घरी आमच्याकडं चूल पेटवत नाई, जेवन शेजारचे आनून देते. सूं… करून धूर निघाला अन् छपराकडं गेला. मी त्या धुराकडं पाहत होती तं दुसरा फोन आला. गोंदियाच्या कॉलेजातले दुबेजी होते. सुजाता तिथं फिजिक्स शिकवे, अन् दुबेजी तिच्या प्रयोगशाळेत अटेंडंट हायेत, म्हातारे मानूस, हिंदीच बोलते. रडक्या आवाजात मनले, "अम्मा, मैडम की भट्टी अभी चल रही है. मालकिन ही नहीं रही, अब चूल्हा कैसे जलता रखूँ? बंद कर दूँ?"

संध्याले वाटलं, हा मानूस अशा टायमाले कायची भट्टी घेऊन बसला. पन मले मालूम होतं. दवाखान्यात जायच्या दिवशीच सुजातानं ती भट्टी लावली होती. आत एका काचेच्या नळीत तिचा खडा तयार होऊन राहिला होता, अन् तो तयार व्हाले पंधरा-वीस दिवस लागत होते. मधात बंद केली तं सगळं गेलं. मी मनलं, "दुबेजी, बंद नोका करू. पोरीनं लावलेली हाय. आपली आपन थंडी होऊ द्या." ते मंग मनले, "जी अम्मा." फोन ठेवला तवा बाया माझ्या तोंडाकडं पाहून राहिल्या होत्या. एकजन मनलीच, "काय वो बाई, पोरीचं सोनं ठेवलं काय त्या भट्टीत?" मी मनलं, "काय निंगते ते मले बी मालूम नाई. उघडली का सांगीन."

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. आता हे मी बोलून राहिली अन् संध्या लिहून राहिली. तिले सांगून ठेवलं, माझे शब्द सुधरवू नोको. सुजातावर लिहून द्या मनून पेपरवाल्यायनं निरोप धाडला तवा मी इचार केला, तिच्या डिग्र्या तं कोनीही लिहीन. मले भट्टीचंच सांगता येते. भट्टी तिच्या आयुष्यात आंधी आली, शाळा मंग.

मी अन् माझा मालक, सुजाताचा बाप, विटाभट्टीवर कामाले होतो, आमगावच्या तिकडं, वाघ नदीच्या काठी. दिवाळी झाली का भट्टीवरच झोपडी टाकून राहाचं अन् पानी याच्या आंधी गावी परत. माती पायानं तुडवाची, साच्यात भरून वीट पाडाची, वाळवाची, मंग डोक्यावर वाहून भट्टी रचाची. कच्च्या विटाचा डोंगरच, मधात मधात धानाचा कोंडा अन् कोळसा, अन् बाहेरून मातीचा लेप. आग लावली का ती बाहेर दिसत नाई. आतल्या आत चालत राहते, आज या कोपऱ्यात, उद्या त्या. सुजा चालाले लागली अन् तिचा बाप खोकल्यात गेला. कोंड्याची राख छातीत बसली, असं मनत होते. विलास पोटात होता. मी पुन्हा साचा हातात घेतला. दुसरं करनार काय होती? पोरीले साडीच्या झोळीत टाकाचं, बाभळीच्या फांदीले बांधाचं, अन् आपन माती तुडवाची. थोडी मोठी झाली तवा ती झोळीत राहेच नाई. पुसाच्या थंडीत नदीवरून धुकं येऊन सगळं झाकून टाके, बैल दिसत नसत, मानसं दिसत नसत, नुसते आवाज, अन् त्या धुक्यात आमची भट्टी मोठ्या जनावरासारखी ऊब सोडत बसलेली. आमी माय-लेकी तिच्या भितीले पाठ लावून बसत होतो. सुजा तळहात मातीवर ठेवे, डोळे मिटे अन् सांगे, "माय, आज आग इकडं आली." मी हात लावून पाहे… खरंच तिकडं जास्त गरम राहे.

एका साली भट्टीच्या शेठले घाई झाली. कोनाचं तरी घर बांधाचं होतं, गाड्या येऊन उभ्या होत्या. आग इझून जास्त दिवस झाले नव्हते, भट्टी आतून अजून लाल असन, पन त्यानं मनलं फोडा. मजुरायनं लेप फोडला, थंडी हवा आत घुसली, अन् आतल्या विटा तडकाले लागल्या. टन्… टन्… जसं कोनी आतून भांडे आपटून राहिलं. आमी सगळे उभ्याच्या उभे. सुजा माझं लुगडं धरून मनली, "माय, तिले झोपेतून उठवलं मनून रडून राहिली काय वो?" त्या विटा कोनाच्याच कामाच्या राहिल्या नाई. रस्त्यात भराले गेल्या. पोरीनं मातर तो आवाज कधी सोडला नाई. किती वर्सानं, मोठी प्रोफेसरीन झाल्यावरही, कपाचा कान तुटला तरी मने, "माय, तसाच आवाज आला बघ."

शिक्षनाचं मी काय केलं ते सांगन्यासारखं नाई. ती जाये, मी जाऊ देत होती. आश्रमशाळा, मंग गोंदिया, मंग नागपूर, मंग एका मोठ्या शहरातली संस्था, जिथं झाडायखाली मोर फिरत होते. तिथं तिनं मले एकदा नेलं. सगळीकडं पांढरं-पांढरं, थंडगार, चपला बाहेर काढाच्या, देवळासारखं. तिनं खिडकीचे पडदे ओढले अन् नोटा तपासाले राहते तसा जांभळा दिवा लावला. समोर बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या होत्या. दिवा लागला अन् बापा… त्या बाटल्या आतून पेटल्या. एक हिरवी, एक पिवळी, एक केशरी, एक लाल. आग नाई, धूर नाई, नुसता रंग.

"माय, ह्या सगळ्यायत एकच माल हाय."

"खोटं नोको बोलू. मले काय आंधळी समजते?"

"एकच हाय वो. फक्त कन लहान-मोठे. सगळ्यात बारीक तो हिरवा, थोडा मोठा केला का पिवळा, अजून मोठा का लाल. धुळीचा कन त्यापुढं डोंगर समज, इतके बारीक."

"मंग रंग कोनी टाकला?"

"कोनीच नाई. त्याच्या आत जे इलेक्ट्रॉन हाय ना, वीज वाहून नेनारे, त्यायले एवढ्याशा जागेत कोंडलं का उजेडाचा रंगच बदलते."

मी मनलं, "आपनही झोपडीत कोंडूनच राहत होतो, आपला तं रंग काही बदलला नाई." ती इतकी हासली, इतकी हासली का हातातला दिवा हालाले लागला अन् सगळे रंग भितीवर नाचाले लागले. मले अजून स्वप्नात तेच दिसते. भट्टीवरचं धुकं, अन् त्या धुक्यात हिरवे-लाल रंग हालून राहिले, अन् सुजाचं हासनं कुठून येते ते समजत नाई…

मंग ती परदेशातही राहून आली अन् शेवटी गोंदियातच नोकरी घेतली. लोकं मनत, इतकी शिकून गोंदियात काऊन आली? मी बी इचारलं. ती मनली, "तिकडं अशा भट्ट्या खूप हाय माय. इकडं एकही नाई." कॉलेजच्या मागच्या एका खोलीत, जिथं मोडके बाक ठेवत, तिथं तिनं आपली भट्टी बसवली. लोखंडाची पेटी, आडव्या टाकीसारखी, अन् बाजूले आकडे दाखवनारा डब्बा. दुबेजी रोज सकाळी तिले अगरबत्ती लावत. सुजा वरडे, "दुबेजी, धुएँ से मशीन खराब होगी." तं ते मनत, "मैडम, आप अपना साइन्स देखो, मैं अपना देखता हूँ." मी पहिल्यांदा गेली तवा त्यायनं मले हळूच सांगतलं, "अम्मा, आपकी बेटी आते-जाते इसको हाथ लगाती है, जैसे बच्चे का बुखार देख रही हो." मी पाहिलं तं खरंच. आकडे दाखवाले डब्बा असून बी ती तळहात लावे. डोळे मिटे. तसंच, भट्टीवरच्यासारखं.

त्या भट्टीतून तिले खडा काढाचा होता. दोन जिनसा काचेच्या नळीत बंद कराच्या, वितळवाच्या, अन् मंग इतक्या धीरे-धीरे थंड्या कराच्या का सगळे कन आपली-आपली जागा पाहून वळीनं बसले पायजे. घाई केली का वळ मोडते. खडा कायचा, ते मले तिनं धानाच्या रोवन्याच्या दिवसात सांगतलं. तिच्या पगारातून आमी एवढीशी बांधी घेतली हाय, धानाची. ती सुट्टीत येऊन रोवन्याले बसे, प्रोफेसरीन असली तरी. दुपारी धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या मातीच्या बांधावर, बसून भाकर खात होतो, समोर बांधीत चिखलपानी, अन् बाया परह्यांच्या, धानाच्या रोपायच्या, पेंढ्या घेऊन धुऱ्याधुऱ्यानं चालून राहिल्या होत्या. ती मनली, "माय, माझा खडा असाच हाय. मधातून वीज जात नाई, चिखल समज. कडेकडेनं जाते, धुऱ्यावरून. अन् जो इलेक्ट्रॉन एका बाजूनं निंगला तो अर्ध्यात उलटा फिरत नाई. आडवं काही आलं तरी वळसा घालून पुढंच जाते."

"अन् समोरून कोनी आला तं?"

"त्याचा धुरा येगळा राहते."

"बरं हाय बापा तुझ्या खड्यात. आमी धुऱ्यानं येत राहो अन् समोरून पाटलीन आली का आमालेच चिखलात उतरा लागे."

तिच्या भाकरीचा तुकडा हातात तसाच. आमचा मोहल्ला गावाच्या कडेले, आमचं पानी कडेच्या बोडीवर, लहान तळ्यावर, लग्नाची वरात बी गावाच्या मधातून नेऊ देत नव्हते, कडेकडेनं न्या लागे. हे तिले मालूम होतं, तिनं पाहिलं होतं. ती मनली, "माय, खड्याची कड कितीही कापली ना, तं नवी कड तयार होते. अन् वीज पुन्हा तिच्यातूनच वाहते. मधातल्यायले ते जमत नाई." अन् हासली. उठून पुन्हा चिखलात उतरली.

पहिल्यांदा भट्टी लावली तवा लाईन गेली अन् जनरेटर चालूच झाला नाई. नळी आतच तडकली. सडक्या मुळ्यासारखा वास सगळ्या कॉलेजात पसरला, पोरं नाकाले रुमाल लावून पळाले, प्राचार्यायनं खोलीले कुलूप लावाची धमकी देल्ली. तिनं मले फोन केला. "माय, फुटली." मी मनलं, "रडली काय?" मनली, "नाई." "मंग दुसरी लाव." तिनं लावली. मंग अजून लावली. खडे निंगत, पन आतून बंद राहत नसत, मधातूनही वीज पाझरे. बांधीचा धुरा पक्का पन तळाले भोकं, असं ती मने. एक बी खडा तिच्या मनासारखा झाला नाई.

अन् मंग तिच्या किडन्या गेल्या. दोन्ही. तोंड सुजे, पाय सुजत, तरी बसनं-उठनं तेच. मी डॉक्टराले मनलं, माझी काढून घ्या. ते मनले, आजी, तुमाले साखर हाय, वय हाय, चालत नाई. मी बाहेर येऊन बसली. काय कराचं? मानूस बसते. विलासची जुळून राहिली होती, त्याच्या तपासन्या चालू होत्या. नागपूरले भरती व्हाचं ठरलं तवा सुजा मनली, दुपारच्या गाडीनं जाऊ, सकाळी मले कॉलेजात काम हाय.

मी संगं गेली. मागच्या खोलीत उन्हाचा एक पट्टा पडला होता, त्यात धुळीचे कन तरंगून राहिले होते. तिनं दोन नळ्या आंधीच बंद करून ठेवल्या होत्या. एक भट्टीत सरकवली. दुसरी कापसात गुंडाळून अलमारीत ठेवली. मी मनलं, "ते कायले?" मनली, "ही मनासारखी नाई निंगाली तं ती लावाची. तिच्यात माल थोडा येगळा हाय." बटन दाबलं. आकडे चढाले लागले. तिनं तळहात पेटीवर ठेवला, मंग माझा हात धरून तिथं ठेवला. पेटी थंडीच होती अजून. मनली, "मी परत येईन तवा ही थंडी झालेली राहीन, माय. तुझ्यासमोर उघडीन. तवापर्यंत कोनाले हात लावू देऊ नोको." दुबेजीयले बी तेच सांगतलं. ते मनले, "मैडम, आप जल्दी आओ, अगरबत्ती खतम हो रही है." स्टेशनावर तिनं मले पायरीवर बसवलं, पान्याची बाटली देल्ली, अन् विलाससंगं गाडीत चढली. खिडकीतून हात दाखवला. मोकळा तळहात… जसा भितीले लावाचा असन.

विलासच्या तपासन्या पुऱ्या व्हाच्या आंधीच ती गेली. तिले घरी आनलं, शेवटचं सगळं झालं. भंते आले, वंदना झाली. लोकं येत, बसत, जात. आमची चूल थंडी होती अन् गोंदियात तिची चूल चालू होती, हे एकच माझ्या डोक्यात. चार लोकायत बसली असतानी मी डोळे मिटे तं मले ती पेटी दिसे. आत अंधारात, लाल होऊन, कन धीरे-धीरे आपली जागा पाहून बसून राहिले. कोनी त्यायले उठवू नये. एवढंच वाटे. एका दुपारी अवकाळी पाऊस आला, गारा पडल्या, गावातली लाईन गेली. मी दुबेजीयले फोन लावला. "दुबेजी, तिकडं?" ते मनले, "अम्मा, यहाँ भी गई. सुनो…" अन् त्यायनं फोन बाहेर धरला. घर्र घर्र घर्र… जनरेटर. आमच्या टिनावर गारा वाजून राहिल्या अन् कानात तो जनरेटर. मी फोन ठेवलाच नाई. लाईन येईपर्यंत तसाच कानाले लावून बसली. संध्यानं पाठीवर शाल टाकली.

पुन्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, घरची चूल पेटली. त्यानंतर दुबेजीयनं निरोप देल्ला, "अम्मा, ठंडी हो गई. आप आओगी तभी खोलूँगा." मी संध्याले घेऊन आमगावहून गाडीनं गेली. सुजाची मैत्रीन नीलिमाही आली होती, दोघी संगं शिकलेल्या, ती पुन्याकडं अशा खड्यायचं मोजमाप करते. दुबेजीयनं पेटी उघडली. मले वाटलं होतं ते रडतीन, पन त्यायचे हात बिलकूल हालले नाई. नळी कपड्यात गुंडाळून हळूच फोडली. आतून अंगठ्याएवढा खडा निंगाला, राखेच्या रंगाचा, कळकट. मी मनलं, एवढंच? नीलिमा मनली, "थांबा मावशी." तिनं कागदं चिकटवाची पारदर्शक पट्टी घेतली, आपली सेलो टेप, खड्यावर दाबली अन् सोलली. वरचा पापुद्रा निंगून आला, अन् खाली आरसा. खरंच आरसा. खिडकी त्यात दिसे, बाहेरचं आंब्याचं झाड दिसे. एकही तडा नव्हता. पुन्हा पट्टी लावली, पुन्हा सोलली, पुन्हा नवा आरसा. खडा बारीक होत गेला पन चमक कमी झाली नाई. दुबेजी मनले, "वाह मैडम," अन् मंग मातर त्यायनं तोंड फिरवलं.

नीलिमानं तुकडा संगं नेला. काही दिवसानं तिचा फोन आला. मी सरळच इचारलं, "कडेनं चालते?"

"चालते मावशी. छान चालते. पण मधूनही अजून थोडी पाझरते."

"मंग नापास?"

"नापास कसली? आधीच्या सगळ्यांपेक्षा पाझर कितीतरी कमी आहे. तिला हवं होतं त्याच्या अगदी जवळ आलाय." मंग तिनं इचारलं, "दुसरी नळी आहे ना ठेवलेली?"

मी मनलं, हाय.

प्राचार्यायले नीलिमानंच अर्ज केला, भट्टी चालू राहू द्या मनून. ते भले मानूस निंगाले, हो मनले. मागच्या सोमवारी मी पुन्हा गोंदियाले गेली. ऊन वाढलं होतं, खोलीत तोच उन्हाचा पट्टा, तेच धुळीचे कन. दुबेजीयनं अलमारीतून कापूस काढला, नळी उन्हात धरून पाहिली, पेटीत सरकवली. नीलिमानं फोनवरून आकडे सांगतले ते त्यायनं डब्ब्यात भरले. अगरबत्ती मातर त्यायनं लावली नाई. मी इचारलं तं मनले, "मैडम मना करती थी ना." मंग बाजूले सरकून मले मनले, "अम्मा, हाथ आपका."

मी बटन दाबलं. चूल पेटवतानी मी फुंकर मारत असते, सवयीनं तोंड पुढं गेलं माझं. दुबेजी हासले, मी बी हासली. आकडे चढाले लागले. मी तळहात पेटीवर ठेवला, तिनं माझा हात धरून ठेवला होता त्याच जागी. लोखंड थंडगार. बाहेर पोरं कल्ला करत होते, दूर मालगाडी जाऊन राहिली होती. दुबेजी स्टूल अन् चहा घेऊन आले. मनले, "अम्मा, बैठ जाओ, अभी टाइम लगेगा."

"लागू द्या," मी मनलं.

चहा तसाच थंडा झाला. मी डोळे मिटून बसली होती, अन् हाताखालचं लोखंड कवा कोमट झालं, ते मले समजलंच नाई.